पन्हाळा घाट, मूळच्याच कॅटवर

परिवहन खात्याच्या दळवी साहेबांनी समितीला माझी ओळख करून दिली ती अशी: "या सारिका पोवार. उद्यमनगरात यांचं ट्यूनिंगचं शेड आहे. जरा सांभाळून राहा."

मी हात जोडले. बोलायला तोंडच नव्हतं. एका नगरसेवकाच्या नव्या गाडीच्या सायलेन्सरला कुकरची शिट्टी बसवणारी बाई मीच. रंकाळ्याच्या कडेनं गाडी शिट्ट्या मारत गेली आणि तिसऱ्या शिट्टीला बायका खिडकीतून ओरडल्या, भात झाला, गॅस बंद करा. आमच्या गल्लीतल्या एकाच्या मोटारसायकलला मी म्हशीच्या हंबरण्याचा हॉर्न बसवला होता. तो घरी आला की त्याची आई वैरण घेऊन बाहेर. बावन्नावं सरलं तरी माझी ही खोड गेलेली नाही, आणि ती घालवायचा माझा विचारही नाही.

पण त्या दिवशी मी गंमत करायला गेले नव्हते. नवा नियम येऊ घातला होता. गाडीचं इंजिन ट्यून केलं की तिचं कॅट काढून नवीन, मोठं आणि कंपनीचंच बसवायचं. कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या अलीकडं बसलेला धूर धुणारा डबा. हा डबा माझ्या ट्यूनिंगपेक्षा कितीतरी महाग. नियम झाला असता तर माझ्या शेडात पालींशिवाय कोण आलं नसतं.

दळवी साहेब म्हणाले, "ताकद वाढली की धूर वाढणार, धूर वाढला की कॅट अपुरं पडणार. साधी गोष्ट आहे, पोवार बाई."

"साहेब, घरी चहा कधी गाळलाय?"

"बायको गाळते."

"मग तुम्हाला जरा अवघड जाईल. तरी सांगते. दोन कपांचे तीन कप केले तर गाळणी तीच चालते. पातेलंभर चहा एकदम ओतला तर वरनं सांडतो, तेव्हा मोठी गाळणी लागते. आणि पावडरच ढीगभर टाकली तर कुठलीच गाळणी पुरत नाही. मी तीन कपवाली आहे. मोठा टर्बो घालून पातेलं ओतणाऱ्याला तुम्ही खुशाल मोठं कॅट लावायला सांगा, मीच त्याचं नाव देते. पण सगळ्यांना एकच नियम कशाला?"

समितीत कोणीतरी हसलं. मग ठरलं. मी एक स्पोर्ट्स कार ट्यून करायची, कॅट मूळचंच ठेवायचं आणि पन्हाळा घाट फुल्ल दाबून चढायचा. शेपटाला यंत्र लावून धूर मोजायचा, वर गेल्यावर कॅटला दिवा लावून वाचायचं. पास झाले तर माझ्या पद्धतीला मान्यता आणि तो नियम मागं. नापास झाले तर शेडला टाळं.

"दिवा कोण वाचणार?" मी विचारलं.

दळवी साहेबांचा चेहरा कडू झाला. "शर्वरी पोवार. तिनं स्वतः नको म्हणून अर्ज दिलाय. पण आसपासच्या जिल्ह्यांत दिवा वाचणारी दुसरी कोणी नाही."

शर्वरी माझी लेक. लहानपणी डबा उघडायच्या आधी तो कानाशी हलवून बघायची, कारण एकदा भाजीच्या जागी बेडूक निघाला होता. रबरी होता, पण बेडूकच. त्या डब्यानंच तिला निरीक्षक केलं असं मी म्हणते. ती म्हणते, "बढाई मारू नकोस."

आता ते दिव्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

जुन्या कॅटमध्ये मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असायची आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचे बारीक कण. तापलेला धूर त्यातनं गेला की विषारी वायूचा साधा वायू व्हायचा. पण उष्णतेनं ते कण एकमेकांना चिकटून मोठे गोळे व्हायचे, आणि गोळा झाला की काम करायला वरची जागा कमी. कॅट म्हातारं व्हायचं ते असं. मग एका प्रयोगशाळेत उमजतं कॅट निघालं. त्याच्या स्फटिकात धातूचे अणू आत लपून बसतात, धूर बदलला की बाहेर येतात, काम झालं की परत आत. जिथं धूर जास्त तिथं ते सरकतात. नवीन ट्यूनला दोन-तीन आठवडे चालवलं, की कॅट आपोआप त्या इंजिनाच्या मापाचं होतं.

आणि ही ये-जा होताना मागं थर राहतात. उसाला जशी पेरं असतात ना, तशी. कुठल्या पेरात काय जळलं, ते निळा दिवा लावला की दिसतं. म्हणजे गाडी आता खोटं बोलू शकत नाही. माझ्यासारखीला केवढी अडचण झाली बघा.

गाडी हुपरीच्या धैर्यशील हुपरीकरची. चांदीचे पैंजण करणारं घराणं, आणि पोराचं सगळं प्रेम एका नारिंगी दोन सीटच्या गाडीवर. ती इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं.

"वैनी, कॅटला धक्का लागला तर घरचे मला गाडीतच झोपायला लावतील," तो म्हणाला.

"झोपायला पाय लांब करावे लागतात. हिच्यात ते जमायचं नाही."

मी मन लावून काम केलं. नुसतं इंधन ओतून ताकद काढायची म्हणजे न जळलेलं इंधन कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि जाळीच वितळते. तसलं मी करत नाही. आजकालच्या पंपावरच्या पेट्रोलात अर्धं उसाचं स्पिरिट असतं, ते थंड जळतं. त्याचा फायदा घेऊन मी ठिणगीची वेळ पुढं घेतली, टर्बोचा दाब थोडा चढवला, हवा आणि इंधन तोलून ठेवलं. हवेचा जुना पाईप काढून नारिंगी सिलिकॉनचा घातला, गाडीला शोभेल असा.

हे सगळं चाललेलं असताना आमचे आण्णा, म्हणजे माझे सासरे, शेडाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या लेथजवळ बसून असायचे. त्यांनी आयुष्यभर शेतीपंपाची डिझेल इंजिनं बनवली. एका कामात उजवा अंगठा पेरापासून गेला, तरी दुसऱ्या दिवशी कामावर हजर. माझा नवरा दूर परदेशात जहाजांची इंजिनं बघतो, ते आण्णांना मान्य. मी लॅपटॉप लावून इंजिन बघते, ते काही त्यांना मान्य नाही.

"हाताला काळं लागल्याशिवाय कसलं ट्यूनिंग," असं ते लेथला सांगायचे. मला थेट कधी म्हणाले नाहीत.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची आणि मशिनींची पूजा. आण्णा सगळ्या लेथला, ड्रिलला, भात्याला हळद-कुंकू वाहायचे, नारळ फोडायचे. माझ्या टेबलापाशी आले की त्यांना हटकून खोकला यायचा आणि ते पुढं जायचे. इतकी वर्षं हेच. यंदाही माझ्यादेखत खोकलेच. मी प्रसाद वाटायला गल्लीत गेले, आणि परत येऊन गाडीचं उघडं इंजिन जोडून टाकलं. मग धैर्यशील आणि मी आळीपाळीनं ती चालवून कॅटला सवय लावत राहिलो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी शर्वरीला म्हटलं, "समज, पास झाले तर?"

"आई, गाडीबद्दल माझ्याशी बोलायचं नाही."

"बरं. समज, एका म्हशीची परीक्षा आहे..."

"म्हशीबद्दलही नाही."

शेडाचं टाळं वगैरे असू दे. मला हवं होतं ते एवढंच, की ह्या पोरीनं एकदा माझं काम उघडून बघावं आणि आत बेडूक निघू नये.

घाटाच्या पायथ्याशी, वाघबिळापासून गाडी सोडली. मीच चालवत होते, बाजूला समितीचा एक तरुण यंत्र मांडीवर घेऊन. पहिल्या वळणावर त्यानं डोळे मिटले ते तटबंदी दिसल्यावर उघडले. इंजिन असं गात होतं की मला एकही टोमणा सुचेना. वर पोचल्यावर आकडे आले. धुरातला प्रत्येक वायू मर्यादेच्या आत. धैर्यशील चहाच्या टपरीवरून उड्या मारत आला.

मग शर्वरी गाडीखाली सरकली आणि तिनं निळा दिवा लावला. बराच वेळ तिचे फक्त बूट दिसत होते. बाहेर आली तेव्हा माझ्याकडं न बघता दळवी साहेबांना म्हणाली, "शिसं आहे."



ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शिसं म्हणजे कॅटचं विष. धातूच्या अणूंवर जाऊन बसलं की ते कायमचे बाद. पंपावरच्या पेट्रोलात शिसं नसतं, आमच्या जन्माच्या वेळचं ते प्रकरण. पण जुन्या छोट्या विमानांचं शिसं घातलेलं पेट्रोल अजून चोरून मिळतं. ते टाकलं की इंजिन दाब सहन करतं आणि ताकद फुकट मिळते.

"विमानाचं पेट्रोल," दळवी साहेब म्हणाले. त्यांचा आवाज वाईट वाटल्यासारखा होता, चेहरा तसा नव्हता. "शिट्टीपर्यंत ठीक होतं, पोवार बाई."

"मी नाही टाकलं."

शर्वरी माझ्यासमोर आली. "आई, खरं सांग."

"नाही टाकलं म्हटलं ना."

"बेडकाच्या वेळीही असंच म्हणाली होतीस. ह्याच तोंडानं."

तिनं बॉनेटवर सील लावलं, दारावर लावलं, चावी स्वतःच्या खिशात टाकली आणि कागदावर लिहिलं: गाडी अडवली, चौकशी बाकी. मला इतका राग आला होता की कानशिलं तापली. आणि त्याच वेळी मनात आलं, अशी निरीक्षक दुसऱ्या कुणाच्या पोटी आली असती तर मी मिठाई वाटली असती.

घरी आले ती सरळ शेडात. कुठून आलं शिसं? वंगण तपासलं, इंधनाच्या नळ्या तपासल्या. कोपऱ्यात एक फडकं पडलं होतं. खंडेनवमीला इंजिन उघडं होतं तेव्हा त्याच्या तोंडावर मी घातलेलं. ते उलगडलं. मधोमध केशरी डाग. तेलातला शेंदूर. अंगठ्याचा ठसा होता, पण अर्धाच, पेरापाशी संपलेला.

मी फडकं घेऊन तिथंच स्टुलावर बसले.

आण्णांचा शेंदराचा डबा त्यांच्या आजोबांपासूनचा. हल्ली दुकानात मिळतो तो साधा रंग. त्यांचा तो खरा जुना, म्हणजे शिशाचाच. मी प्रसाद वाटायला गेले तेव्हा म्हाताऱ्यानं फडकं बाजूला सारलं होतं आणि इंजिनाच्या तोंडात, नारिंगी पाईपच्या आत, चांगला थापून शेंदूर लावला होता. नारिंगीवर केशरी, मला दिसायचा कसा? मग घाट चढताना सुकून खपल्या निघाल्या, इंजिनानं त्या ओढल्या, आणि कॅटच्या एका पेरात सगळं लिहिलं गेलं.

इतकी वर्षं माझ्या टेबलापाशी खोकणारा माणूस. कोणी बघत नसताना त्यानं माझ्या इंजिनाला शेंदूर लावला होता.

तेवढ्यात आण्णा काठी टेकत आत आले. मी फडकं मागं लपवलं.

"पास झाली न्हवं?" ते म्हणाले. पहिल्यांदाच लेथला न विचारता मला विचारलं.

"वायू पास झाले आण्णा. बाकीचं सोमवारी."

"हुईल. हुणारच," ते म्हणाले, आणि जाता जाता नेहमीप्रमाणे खोकले.

आता सांगा, मी काय करायचं? फडकं दळवी साहेबांपुढं ठेवलं तर मी सुटणार. पण सगळ्यांसमोर आण्णांना ऐकावं लागणार, की तुमच्या आशीर्वादानं सुनेच्या इंजिनात विष गेलं. आयुष्यात एकदा लावला, आणि तो असा. म्हातारा परत कधी माझ्या टेबलाजवळ फिरकला नसता. मी बराच विचार केला. मग लक्षात आलं, माझ्याकडं एक भांडवल आहे जे ह्या गावात दुसऱ्या कोणाकडं नाही. मी काहीही वेडेपणा केला म्हटलं तरी लोक विश्वास ठेवतात.

फडकं चुलीत घातलं.

सोमवारी पन्हाळ्यावरच्या तपासणी केंद्रात सगळे जमले. धैर्यशील हौसेनं आण्णांनाही घेऊन आला होता. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, त्याला वाटलं मी शाबासकी देतेय.

दळवी साहेबांनी विचारायच्या आधीच मी उभी राहिले. "साहेब, पेट्रोल वगैरे काही नाही. मीच शेंदूर फासला इंजिनात. गंमत म्हणून. म्हटलं, बघू कॅट काय करतंय."

कुणालाही नवल वाटलं नाही. दळवी साहेब लिहायला लागलेसुद्धा.

"थांबा सर," शर्वरी म्हणाली. "त्यांचं म्हणणं अर्धं खोटं आहे."

"म्हणजे अर्धं खरं?" दळवी साहेबांना माझ्याकडून तेवढीही अपेक्षा नव्हती.

तिनं भिंतीवर कॅटच्या थरांचं चित्र लावलं. "विमानाच्या पेट्रोलात शिशाबरोबर ब्रोमिन असतंच. नाहीतर शिसं इंजिनातच साचून बसतं. ह्या पेरात शिसं आहे, ब्रोमिनचा पत्ता नाही. म्हणून हे इंधनातून आलेलं नाही. मी काल सील काढून हवेचा पाईप उघडला, पंचांसमोर. आत शेंदूर मिळाला." मग तिनं दुसरं चित्र लावलं. केशरी ठसा, मोठा, अर्धाच. "आणि ज्यानं तो लावला त्याचा अंगठा इथं संपतो. माझ्या आईचे दोन्ही अंगठे पूर्ण आहेत. लहानपणी मी त्यांच्याकडं फार बारकाईनं बघायचे, कुठली खोडी येतेय ते कळावं म्हणून."

"कोणाचा अंगठा आहे हा?" दळवी साहेब म्हणाले.

शर्वरीनं हातातले कागद सरळ केले. "सर, इंधनात फसवणूक झाली का, एवढंच मला विचारलं होतं. झालेली नाही."

ती आण्णांकडं बघत नव्हती. मीही नाही. म्हणजे दोघी एकच लपवत होतो, एकमेकींना न सांगता.

मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"माझा हाय," आण्णा म्हणाले. उठून उभे राहिले आणि उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "लपवायचं काय त्यात? माझ्या सुनेचं इंजिन हाय. मी न्हाई लावायचा तर कुणी लावायचा?"

"आजोबा, त्या शेंदरानं कॅटला विष झालं," दळवी साहेब म्हणाले.

मी डोळे मिटले.

"व्हय?" आण्णांनी थोडा विचार केला. "आणि विष खाऊन घाट चढली न्हवं? धूर पास झाला न्हवं? मग इंजिन केवढं चांगलं केलं असंल पोरीनं, ते लिवा की."

शर्वरीच्या ओठांच्या कडा हलल्या. तिनं चित्राकडं बोट केलं.

"सर, तांत्रिक भाषेत मलाही हेच म्हणायचं होतं. कॅटचा पुढचा भाग शिशानं बाद झालाय. उरलेले अणू मागं सरकले आणि त्यांनी सगळा भार उचलला. बाद भाग धरूनही ह्या ट्यूनला कॅट पुरून उरलं. मग चांगल्या कॅटला मोठं करायची गरज कुठं आली? एवढी कडक परीक्षा मी स्वतः घेतली नसती. मला परवानगीच मिळाली नसती."

दळवी साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग नियमाच्या कागदावर आडवी रेघ मारली. नवा लिहिला: ट्यून किती ते आधी बघावे, मापलेला धूर मर्यादेत असल्यास मूळचेच कॅट चालेल, टर्बो बदलल्यास कॅटही बदलावे. खाली एक ओळ शर्वरीच्या आग्रहानं वाढली, की पूजेचा शेंदूर इंजिनाच्या आत लावू नये.

"हळद चालंल?" आण्णांनी तिला विचारलं.

"बाहेरून लावा, आण्णा. बाहेरून काहीही चालेल."

शर्वरीनं सील काढल्याच्या कागदावर माझी सही घेतली आणि चावी माझ्या हातात ठेवली. मी वाट बघत होते.

"काम चांगलं आहे," ती म्हणाली. "मी सगळं उघडून बघितलं."

"बेडूक?"

"नाही निघाला." आणि ती घाईघाईनं आत गेली, काहीतरी राहिल्यासारखी.

धैर्यशील मागून दुसऱ्या गाडीनं येतो म्हणाला. आण्णांना मी नारिंगी गाडीत उतरवलं, काठी तिरपी घालावी लागली. घाट उतरायला लागले. लग्नात वरमाई मिरवते तशी ती गाडी डौलात चालली होती, आणि माझी मान तिच्यापेक्षा ताठ. आण्णा डॅशबोर्डवर हात फिरवत होते, लेथवर फिरवायचे तसा.

दुसऱ्या वळणावर मी जरा पाय दाबला, आणि मागून शिट्टी आली. लांब, कर्कश, अस्सल कुकरची.

रस्त्यावरच्या मक्याच्या कणसांच्या गाड्यावरची बाई दचकून उठली. मी पाय सोडला, शिट्टी बंद. दाबला, परत शिट्टी.

गाडी आठवडाभर केंद्रातच अडवलेली होती. चावी एकाच माणसाच्या खिशात होती.

तिसऱ्या शिट्टीला आण्णा खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाले, "भात झाला वाटतं."

मला हसू आवरेना, गाडी बाजूला घ्यावी लागली. घाटात त्या दिवशी मला मान्यता मिळाली होती, नियम बदलला होता, सासऱ्यांनी भर सभेत मला आपलं म्हटलं होतं. पण छाती फुगली ती शिट्टीनं. इतकी नीट बसवली होती पोरीनं, की जरासुद्धा धूर कडेनं गळत नव्हता.